नळ बदलला की गरम-थंड पुन्हा उलटं होतं? मूळ कुठे शोधायचं ते सांगते

आमच्या बाथरूममधल्या बेसिनचा मिक्सर, म्हणजे गरम-थंड दोन्ही एकाच तोंडातून देणारा नळ, दोन वर्षांत तीन वेळा उलटा झाला. उलटा म्हणजे दांडी डावीकडे फिरवली की थंड आणि उजवीकडे फिरवली की गरम. पहिल्यांदा नवीन मिक्सर बसवला तेव्हा झालं, प्लंबर दादांना परत बोलावलं, त्यांनी खाली वाकून दोन मिनिटांत काहीतरी अदलाबदल केली आणि सुरळीत झालं. आठ-नऊ महिन्यांनी खालचा ब्रेडेड पाईप (जाळीचा लवचिक पाईप) गळायला लागला, दुसरे प्लंबर आले, त्यांनी दोन्ही पाईप नवे टाकले आणि परत उलटं. तेही दुरुस्त करून घेतलं. मग पुढच्या वर्षी अँगल कॉक, म्हणजे बेसिनखाली भिंतीतून लाईन निघते तिथले छोटे कॉक, बदलले आणि परत तेच. त्या वेळी मात्र मला नीट कळायच्या आधीच आई रात्री उठून बेसिनवर गेली. तिला मोतीबिंदू आहे, रात्री ती दिवाही लावत नाही, सवयीने दांडी उजवीकडे ढकलली आणि हात धुवायला लागली. आधी पाईपातलं गार पाणी आलं म्हणून ती निवांत होती, मग एकदम कढत. हात लाल झाला, फोड आला नाही हे नशीब, पण दोन दिवस तिची आग आग होत होती आणि मला स्वतःचाच राग येत होता.

त्यानंतर मी ठरवलं की आता प्लंबर बोलावून "उलटं झालंय, सरळ करा" एवढंच सांगायचं नाही, हे परत परत का होतंय ते शोधायचंच. शोधलं, सापडलं. ज्यांच्याकडे हीच भानगड आहे त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवते, कारण यात प्रत्येक प्लंबरने आपापलं काम बरोबरच केलं होतं आणि तरीही उलटं होत होतं.

कारण असं निघालं. भिंतीच्या आतच दोन्ही लाईन उलट्या आल्या होत्या, म्हणजे बेसिनखाली डावीकडच्या अँगल कॉकला थंड आणि उजवीकडच्याला गरम. पहिल्या प्लंबरने वरचे दोन ब्रेडेड पाईप एकमेकांवरून आडवे नेऊन ती चूक झाकली. नळ सरळ चालायला लागला, पण भिंतीतली चूक तशीच राहिली आणि कुठे काही खूण केली नाही. पुढे जो येई तो खाली बघे, पाईप आडवेतिडवे दिसत, त्याला वाटे आधीच्याने घाईत गुंता करून ठेवलाय, तो नीटनेटकं करून डावा पाईप डावीकडे आणि उजवा उजवीकडे लावी. नीटनेटकं केलं की नळ उलटा. एक चूक दुसऱ्या चुकीने झाकलेली असली की त्यातली एक दुरुस्त करणारा माणूस बिचारा नेहमी दोषी ठरतो.

आता तुमच्याकडे काय आहे ते कसं ओळखायचं. सगळ्यात आधी खरंच उलटं आहे का ते बघा, हे सांगते कारण निम्म्या वेळा घाई नडते. गरम पाणी गीझरपासून नळापर्यंत यायला वेळ लागतो. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या पाईपात दर मीटरला साधारण पावणेदोनशे मिली पाणी मावतं, म्हणजे गीझर दहा मीटर लांब असेल तर आधी पावणेदोन लिटर गार पाणी बाहेर पडतं, मगच गरम येतं. नळ बारीक सोडला असेल तर अर्धं मिनिट सहज जातं. तेवढ्यात माणूस दांडी दुसरीकडे फिरवतो, तिकडेही आधी तसंच गार येतं, मग गोंधळ होतो. म्हणून दांडी पूर्ण एका टोकाला नेऊन घड्याळ लावून एक मिनिट पाणी सोडा, खाली बादली ठेवा म्हणजे वाया जाणार नाही, मग दुसऱ्या टोकाला तसंच. पाण्यात सरळ हात घालू नका, दांडी कुठे आहे यावर विश्वास ठेवायची ही वेळ नाही. नळाचं धातूचं तोंड बाहेरून बोटाने हलकेच तपासा.

याहून पक्की परीक्षा आहे आणि त्यात गरम पाणी लागतच नाही. गीझरचं बटण बंद करा, मग गीझरच्या थंड पाण्याच्या इनलेटवरचा कॉक बंद करा, घरातले बाकी सगळे गरम नळ बंद आहेत ना बघा. आता बेसिनवर आधी एका टोकाला आणि मग दुसऱ्या टोकाला पाणी सोडून बघा. ज्या बाजूचं पाणी थोडं येऊन थांबतं ती तुमची गरम लाईन. डावीकडचं थांबलं तर सगळं ठीक आहे, उजवीकडचं थांबलं तर उलटं आहे. आणि कुठलंच थांबलं नाही तर गोष्ट वेगळी आहे, ती खाली सविस्तर सांगते. सोलरची टाकी असेल तर इनलेट बंद करून भागत नाही कारण त्या टाकीला वर हवेची नळी असते, इनलेट बंद केला तरी टाकीतलं पाणी उतरत राहतं, तिथे टाकीतून निघणाऱ्या गरम लाईनचाच कॉक बंद करायचा.

उलटं आहे हे पक्कं झालं की प्रश्न येतो कुठे उलटलंय. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, डावं-उजवं नेहमी नळासमोर उभं राहून नळ वापरणाऱ्या माणसाचं. प्लंबरचं नाही, भिंतीचं नाही, नळाचंही नाही. हे बोलायला सोपं आहे पण काम करताना माणूस त्या जागी नसतोच ना.

मी स्वतः बेसिनखाली शिरले तेव्हा मला कळलं. बेसिनखाली जागा एवढीशी, म्हणून मी पाठीवर झोपून डोकं भिंतीकडे सरकवलं आणि टॉर्च तोंडात धरून वर बघितलं. दोन अँगल कॉक, त्यातून निघालेले दोन पाईप, वर मिक्सरच्या बुडाला जाऊन घुसलेले. मी म्हटलं डाव्या हाताचा कॉक गरमच आहे की, मग चूक कुठाय. बाहेर येऊन उभी राहिले आणि बघते तर तो कॉक उजवीकडे. दोनदा आत-बाहेर केलं. मग लक्षात आलं की डोकं भिंतीकडे करून उताणं झोपलं की आपला डावा हात त्या बाजूला जातो जी उभ्या माणसाची उजवी. म्हणजे बेसिनखाली झोपून काम करणारा प्रत्येक माणूस उलट्या डाव्या-उजव्यात काम करत असतो, अनुभवी माणसाला सवय असते, पण दमलेला असेल, उजेड कमी असेल तर चुकणारच. म्हणून आत शिरण्याआधी उभ्यानेच डाव्या अँगल कॉकला लाल टेप किंवा लाल दोरा बांधून घ्या, मग आत डावं-उजवं म्हणायचंच नाही, लाल आणि बिनलाल एवढंच.

एकच दांडी असलेल्या मिक्सरला तर हे जास्तच होतं, कारण त्याच्या बुडाला दोन्ही पाईप अगदी खेटून घुसतात, मध्ये बोटभर जागा नसते, आणि घट्ट करताना मिक्सर थोडा फिरला की ते एकमेकांभोवती पिळतात. वरून सुटलेला डावा पाईप खाली आला तोवर उजवा झालेला असतो. पाईपांवर लाल-निळी कडी किंवा रेघ असते बऱ्याचदा, पण काही पाईप दोन्ही सारखेच असतात. असं असेल तर एक पाईप हाताने हलवून वर कुठला हलतो ते बघत माग काढा, नजरेवर जाऊ नका.

भिंतीच्या आतली चूक कशी होते हेही सांगते कारण तिथलं कारण मला फार पटलं. दोन बाथरूम पाठीला पाठ लावून असतात, मधली भिंत एकच. प्लंबर एका बाजूला उभा राहून लाईन टाकतो, डावीकडे गरम, उजवीकडे थंड. त्याच दोन उभ्या पाईपातून भिंतीच्या पलीकडच्या बाजूला सरळ फाटे काढले की तिकडे उभं राहणाऱ्याला गरम उजवीकडे येतं, आरशातल्यासारखं. तिथे एका लाईनला दुसरीवरून उडी मारायला स्टेप ओव्हर बेंड टाकावा लागतो, त्यासाठी चर खोल घ्यावी लागते, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही किंवा कंटाळा केला की टाईल लागून गेल्यावरच कळतं. आमच्याकडे हेच झालं होतं. मग मी पलीकडच्या बाथरूमचा नळ तपासला, तो सरळ. म्हणजे तुमच्याकडे पाठीला पाठ लावून दोन नळ असतील आणि त्यातला एकच उलटा असेल तर भिंतीतल्या आरशावर पहिला संशय घ्या. याउलट घरातले सगळेच नळ उलटे असतील तर एकेका नळाखाली शोधत बसू नका, चूक मुळाशी आहे, गीझरपाशी किंवा गीझरमधून लाईन जिथे फुटतात तिथे.

गीझरचं थोडं. गीझरला बाहेरून दोन तोंडं दिसतात, निळी कडी म्हणजे थंड आत येतं, लाल कडी म्हणजे गरम बाहेर. आत निळ्या तोंडाचं पाणी टाकीच्या तळाशी सोडलेलं असतं आणि लाल तोंडाची नळी टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते, कारण गरम पाणी हलकं असतं, वर साचतं आणि तिथूनच घ्यायचं असतं. हे उलटं जोडलं तर नळाला गरम येतं, पण पहिली अर्धी बादली बरी येते आणि मग झटकन कोमट होतं, कारण थंड पाणी वरून पडून सगळं ढवळतं. लोकांना वाटतं गीझर बिघडला, एलिमेंट बदलतात, थर्मोस्टॅट बदलतात. म्हणून गीझर नवीन असताना, किंवा नुकताच काढून परत लावलेला असताना पाणी लवकर कोमट होत असेल तर आधी कड्यांचे रंग बघा. शिवाय इनलेटवर जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो त्याच्यावर बाण असतो, तो गीझरकडे हवा. इन्स्टंट गीझर उलटा जोडला तर बहुतेक वेळा सुरूच होत नाही, त्याला पाण्याचा प्रवाह एकाच दिशेने कळतो.

आता ती वेगळी गोष्ट, जिथे उलटं काहीच नाही पण तक्रार तीच. थंड नळाला गरम किंवा कोमट पाणी येतं, कधी येतं कधी नाही, किंवा गरम नळाला कितीही सोडलं तरी कोमटच येतं. मला यात सगळ्यात जास्त वेळ गेला कारण आईचा हात भाजल्यावर मी घरातला प्रत्येक नळ तपासला आणि स्वयंपाकघरातल्या थंड नळाला मधूनच ऊन पाणी येताना दिसलं, आणि तिथे तर जोडणी शंभर टक्के सरळ होती.

मिक्सर म्हणजे काय, तर गरम आणि थंड लाईन जिथे एका पोकळीत भेटतात ती जागा. नळ बंद असतो तेव्हा दोन्ही वाटा बंद असतात म्हणून काही होत नाही. पण समजा मिक्सर चालू ठेवला आणि पाणी त्याच्या पुढे अडवलं, तर दोन्ही लाईन आतून एकमेकींना उघड्या राहतात आणि जिचा जोर जास्त ती दुसरीत शिरते. हे होतं कुठे? जिथे मिक्सरच्या पुढे हातात धरायचा शॉवर किंवा जेट स्प्रे असतो आणि माणूस मिक्सर बंद न करता नुसता स्प्रेचा खटका सोडून देतो. पाणी थांबलं, माणूस निघून गेला, आणि आत मिक्सर सताड उघडा. मग दुसऱ्या खोलीतल्या थंड नळाला गरम येतं आणि तुम्ही त्या नळाखाली पाईप तपासत बसता, मी बसले तशी. आमच्याकडे नेमका हाच प्रकार होता, बाथरूममधल्या हँड शॉवरवर घरातली मुलं खटका सोडून निघून जायची. म्हणूनच ते कधी व्हायचं कधी नाही.

हे पकडायची परीक्षा तीच, गीझर बंद, इनलेट कॉक बंद, आणि कुठलाही एक गरम नळ सोडा. काही सेकंदांत धार तुटायला पाहिजे. धार चालूच राहिली तर थंड पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून गरम लाईनमध्ये घुसतंय. मग तो नळ तसाच चालू ठेवून एकेका मिक्सरखालचा थंडाचा अँगल कॉक बंद करत जा. ज्याचा बंद केल्यावर धार तुटली तोच चोर. भिंतीत गाडलेल्या डायव्हर्टरला (पाणी शॉवरकडे की नळाकडे ते ठरवणारा मिक्सर) अँगल कॉक नसतो, तो सगळ्यात शेवटी उरतो, बाकी सगळे निर्दोष निघाले तर तोच. कॉक एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद थांबा, लाईनमध्ये राहिलेलं पाणी लगेच थांबत नाही.

मिक्सर व्यवस्थित बंद असूनही धार येत असेल तर त्याच्या आतलं कार्ट्रिज, म्हणजे दांडीखालचा गरम-थंड मिसळणारा भाग, गेलंय. एका दांडीच्या मिक्सरमध्ये बहुतेक ३५ किंवा ४० मिलिमीटरचं कार्ट्रिज असतं, आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. चकतीला चरा पडला किंवा खालच्या रबरी रिंगा कडक झाल्या की नळातून एक थेंब गळत नाही पण आतल्या आत गरम-थंडाची वाट उघडी राहते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून कुणी त्याच्यावर संशय घेत नाही. कार्ट्रिज बदलताना जुनं बरोबर घेऊन जा, खालच्या भोकांची आणि खुंट्यांची जागा तंतोतंत जुळायला हवी.

थंडात गरम यायचं आणखी एक कारण, अगदी साधं. पाणी तापलं की फुगतं. २० अंशाचं पाणी ६० अंशाला नेलं की ते साधारण दीड टक्का वाढतं, २५ लिटरच्या गीझरमध्ये ते पावणेचारशे मिलीच्या आसपास जातं. त्याला जायला जागा हवी. इनलेटवरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, ज्याला सगळे एनआरव्ही म्हणतात, तो अडकून उघडा राहिला किंवा बसवलाच नसेल तर ते पाणी मागे थंड लाईनमध्ये शिरतं. ओळखायचं कसं, तर गीझर तापल्यानंतर पहिल्यांदा थंड नळ सोडला की दोन-चार सेकंद कोमट येतं आणि मग नेहमीसारखं गार. एवढंच लक्षण असेल तर मिक्सर उघडत बसू नका, एनआरव्ही बघा. आणि हो, एनआरव्ही चांगला असेल तर फुगलेलं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं, गीझर तापत असताना असे थेंब पडले तर ते बिघाड नाही, ते तोंड कुणी बूच मारून बंद करू नका, धोका आहे त्यात.

दोन्ही लाईनच्या जोरात फार फरक असला तरी हा ताप वाढतो. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर साधारण एक बारचा जोर मिळतो. थंड लाईन पंपावर आणि गरम लाईन नुसत्या टाकीच्या उंचीवर असेल तर मिक्सर उघडला की थंड पाणी गरमला दाबून टाकतं, कधी गरम पाणी येतच नाही. अशा ठिकाणी मिक्सरच्या दोन्ही इनलेटला एकेक एनआरव्ही टाकला की एक लाईन दुसरीत शिरायची थांबते, पण जोर समान होत नाही, त्यासाठी दोन्ही लाईन एकाच ठिकाणाहून घ्याव्या लागतात.

परत मूळ विषयावर येते, उलटं आहे हे ठरलं, तर सरळ कसं करायचं. माझं मत स्पष्ट आहे, जिथे उलटलंय तिथेच सरळ करा. गीझरपाशी चूक असेल तर गीझरपाशी, बेसिनखाली असेल तर बेसिनखाली. बेसिनखालचं काम घरी करता येतं. गीझर बंद करा, दोन्ही अँगल कॉक बंद करा, मिक्सर उघडून जोर काढून घ्या, खाली वाटी ठेवा, मग अँगल कॉकच्या बाजूचे नट सोडवा आणि अदलाबदल करा. ब्रेडेड पाईपाच्या नटात आत रबरी वॉशर असतो, तिथे टेफ्लॉन टेप लागत नाही, पाणी वॉशरवरच अडतं. हाताने घट्ट करा आणि पान्ह्याने फक्त पाव फेरा द्या. जोर लावला की वॉशर चिरतो आणि महिनाभराने गळती सुरू होते, आमच्या दुसऱ्या पाईपाचं तेच झालं होतं.

भिंतीतली चूक असेल आणि टाईल फोडायची नसेल तर पाईप आडवे नेणं हाच एक मार्ग उरतो, आम्हीही शेवटी तेच ठेवलं. चालतं ते, फक्त पाईप थोडे लांब घ्या म्हणजे वळताना मुरड पडणार नाही, आणि त्याच्यावर खूण करा, ते पुढे सांगते. भिंतीवरच्या मिक्सरला मात्र हा मार्ग नाही, त्याचे दोन पाय भिंतीत ठरलेल्या जागी, बहुतेक १५० मिलिमीटरवर असतात, तिथे आडवं काही नेता येत नाही. त्यातल्या काही मिक्सरचं कार्ट्रिज अर्धा वळसा फिरवून बसवता येतं आणि गरम-थंड बदलतं, पण ज्याच्या खुंट्या एकसारख्या नसतात ते फिरत नाही, जबरदस्ती करू नका, खुंटी मोडते. दोन मुठींच्या नळात लोक स्पिंडल (मुठीखालचा पाणी उघडबंद करणारा भाग) बदलून बघतात, सिरॅमिकचे अर्ध्या फेऱ्याचे स्पिंडल डावे आणि उजवे वेगळे असतात, बदलले की पाणी तेच राहतं आणि मूठ फक्त उलट्या दिशेने उघडायला लागते, काहीच साधत नाही.

तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर असेल तर उलट्या लाईनवर तो मुळीच चालवू नका. त्याच्या आत मेणाची कुपी असते, पाणी जास्त गरम झालं की मेण फुगतं आणि गरमाची वाट आवळतं. लाईन उलटी असेल तर ते थंडाची वाट आवळतं, म्हणजे पाणी जितकं गरम होईल तितकं आणखी गरम करतं. सुरक्षेसाठी घेतलेली वस्तू नेमकी घात करते. ३८ अंशाच्या खुणेवर ठेवूनही पाणी एकदम कढत किंवा एकदम गार येत असेल तर पहिला संशय हाच.

लाल-निळी बटणं बदलून मोकळं होणं हा उपाय खूप जण सुचवतात आणि मला तो अजिबात पटत नाही. ज्याला दिसतं आणि जो बघतो त्याच्यासाठी ते ठीक, पण हात धुताना बटण कोण बघतं? हाताला सवय असते. अमेरिकेत वापरला जाणारा इंटरनॅशनल प्लंबिंग कोड तर लिहूनच ठेवतो की गरम पाणी नळाच्या डाव्या बाजूला हवं, फक्त शॉवरच्या ठराविक मिक्सरना त्यांच्यावरच्या खुणेप्रमाणे मुभा आहे. अक्षरांवर तर बिलकुल भिस्त ठेवू नका, इंग्रजीत सी म्हणजे थंड, पण इटालियनमध्ये सी म्हणजे काल्दो, फ्रेंचमध्ये शो, स्पॅनिशमध्ये कालिएंते, आणि तिन्हींचा अर्थ गरम. बाहेरून आणलेल्या नळावर सी आणि एफ असेल तर सी गरमाचं आहे. अंधारात, अधू नजरेला, लहान मुलाला बाजू हीच एक खूण उरते. आणि वेळ किती कमी असतो बघा, ६० अंशाच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत गंभीर भाजते, ४९ अंशाला त्यालाच काही मिनिटं लागतात. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ, त्यांना त्याहून कमी. मग लोक गीझर एकदम कमी ठेवतात, पण साठवणीच्या गीझरमध्ये पाणी कायम कोमट राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो, त्याला साधारण २० ते ४५ अंश मानवतं, म्हणून टाकीत ६० ठेवून नळापाशी मिसळून कमी करणं जास्त बरं. त्यासाठीही बाजू बरोबर असावी लागतेच.

एक गोष्ट जवळजवळ विसरले होते, उलट्या लाईनमध्ये पाईपाचाही प्रश्न असतो. पांढरा यूपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाईप थंड पाण्यासाठी असतो, ६० अंशाच्या वर त्याला सोसत नाही, तो मऊ पडतो आणि जोड सुटतात. गरमासाठी पिवळसर सीपीव्हीसी असतो, तो ८२ अंशालाही जोर सहन करतो. मुळाशी अदलाबदल झाली असेल तर गरम पाणी थंडाच्या पाईपातून फिरतंय, आणि तो पांढरा असेल तर पुढेमागे भिंतीत फुटणार. म्हणून सगळेच नळ उलटे असतील तर प्रत्येक नळाखाली आडवे पाईप टाकून वेळ मारून नेऊ नका, मुळाशीच सरळ करून घ्या.

आता खूण. मी काय केलं, भिंतीतून जिथे लाईन बाहेर येते तिथे, म्हणजे अँगल कॉकच्या आधी, गरमाला लाल आणि थंडाला निळी टेप गुंडाळली. पाईपावर नाही, कारण पाईप बदलला की खूण पाईपाबरोबर जाते, आमच्या पहिल्या प्लंबरची खूण असती तरी तशीच गेली असती. त्याच्या शेजारी एक प्लास्टिकचं लेबल बांधलंय, त्यावर लिहिलंय, भिंतीत लाईन उलटी आहे, पाईप मुद्दाम आडवे आहेत, सरळ करू नये. बेसिनच्या आतल्या बाजूलाही तेच पक्क्या शाईने लिहिलं, लेबल तुटलं तर असू दे म्हणून.

सरळ करून झाल्यावर एकाच नळावर समाधान मानू नका. घरातला प्रत्येक नळ एकेक मिनिट सोडून तपासा, शॉवर, हँड शॉवर, सिंक सगळे. वॉशिंग मशीनला दोन पाईप असतील तर थंडावर लावून एकदा ड्रम भरू द्या आणि हात लावून बघा, ते उलटे असतील तर साध्या धुण्यात लोकरीचे कपडे आटून जातात. फ्लशच्या टाकीचं झाकण उचलूनही एकदा हात लावा, ती टाकी कोमट लागली तर तिकडे गरम लाईन जातेय. आमच्याकडे फ्लश ठीक निघाला, पण मशीनचे दोन्ही पाईप उलटे सापडले, ते बसवणारा माणूसही मशीनच्या मागे वाकूनच बसला असणार.